कार्टूनमधली काटकसर आणि कापलेले तीन सेकंद

उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, दूरचित्रवाणीवरील कार्टूनचा दर्जा घसरला आहे असे शिक्षकांपासून पालकांपर्यंत सगळेच म्हणतात, ते कितपत खरे आहे. खरे असेल तर दोष कशाचा, कमी पैशाचा, संगणकाचा की मुलांच्या बदललेल्या आवडीचा. आणि या क्षेत्रात यायचे झाले तर कोणते काम धरावे.

मी गेली बावीस वर्षे मुंबईतल्या निरनिराळ्या स्टुडिओंमध्ये दूरचित्रवाणी मालिकांचे स्टोरीबोर्ड, म्हणजे पटकथेतली दृश्ये चौकटीचौकटींत मांडणारी चित्रे, काढतो आहे. पटकथा लेखकाच्या हातून सुटते आणि ॲनिमेटरच्या हाती दृश्य जाते, या दोन्हींच्या मध्ये आमचे टेबल असते, त्यामुळे वर झालेल्या निर्णयाची चूक आणि खाली झालेल्या घाईची चूक या दोन्ही आम्हाला रोज दिसतात. माझे मत आधी सांगतो. कार्टून दूरचित्रवाणीवर आले तेच मुळी काटकसर करत आले, तेव्हा पैसा कमी म्हणून कार्टून बिघडले हे मला पटत नाही. काटकसर कुठे करायची हे ज्यांनी विचारपूर्वक ठरवले त्यांची कामे टिकली. ज्यांनी विचार करण्याच्या वेळेलाच कात्री लावली त्यांची कामे फसली. गेल्या पंधरा वर्षांतील बहुतेक चुकांच्या मुळाशी मला ही दुसऱ्या प्रकारची काटकसर दिसते.

यासाठी थोडे मागे जावे लागेल. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एमजीएम या अमेरिकी चित्रपट कंपनीसाठी केलेले टॉम आणि जेरीचे ११४ लघुपट १९४० ते १९५८ या काळात पडद्यावर आले. सात मिनिटांचा एक लघुपट म्हणजे सेकंदाला २४ या हिशेबाने सुमारे दहा हजार फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेममागे भरपूर पैसा व भरपूर माणसे. एमजीएमने १९५७ मध्ये आपला कार्टून विभाग बंद केल्यावर हे दोघे दूरचित्रवाणीकडे वळले, तेव्हा तेवढ्याच मिनिटांसाठी मिळणारी रक्कम पूर्वीच्या तुलनेत नगण्य होती. त्यांनी काय केले ते त्यांच्या योगी या अस्वलाच्या गळ्याकडे पाहिले की कळते. अंगावर कपडे नसलेल्या अस्वलाला कॉलर आणि टाय कशासाठी? कॉलरच्या रेषेवर डोके आणि धड वेगळे करता येतात. धडाचे एकच चित्र जागच्या जागी ठेवायचे आणि वरचे डोके, पुष्कळदा फक्त तोंड, तेवढे नव्याने काढायचे. मान जोडल्याची रेघ कॉलरमागे झाकली जाते. विद्यार्थिदशेत हे प्रथम कळले तेव्हा मी त्या काळातील प्राण्यांचे गळे एकामागून एक तपासत बसलो होतो, आणि त्यांच्याच हकलबरी हाउंड या कुत्र्याच्या गळ्यातही तीच युक्ती सापडली.

मात्र या काटकसरीची दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही. चित्रांची संख्या घटवल्यावर वाचलेली शक्ती त्यांनी रेखाटनाच्या रचनेत आणि आवाजात घातली. त्यांच्याकडचे रेखाटनकार एड बेनेडिक्ट यांची पात्रे स्थिर उभी असली तरी पाहावीशी वाटतात, आणि डॉज बटलर यांनी योगी आणि हकलबरी यांना दिलेले आवाज डोळे मिटून ऐकले तरी दोन वेगळी माणसे उभी करतात. हालचाल गेली, पण व्यक्तिमत्त्व राहिले. हा सौदा मला आजही प्रामाणिक वाटतो.

जपानमध्ये ओसामू तेझुका यांनी १९६३ च्या पहिल्या दिवशी ‘ॲस्ट्रो बॉय’ सुरू केले तेव्हा त्यांचा सौदा वेगळा होता. एक चित्र तीन फ्रेम ठेवायचे, म्हणजे सेकंदाला आठच चित्रे; काढलेली चित्रे जपून ठेवायची आणि पुढच्या भागांत पुन्हा वापरायची. त्यांनी हालचाल गमावली आणि त्या बदल्यात गोष्ट कमावली; मुलांच्या मालिकेत मृत्यू, एकटेपणा आणि अन्याय आणला. त्यांची चूक वेगळ्या ठिकाणी झाली. मालिका मिळावी म्हणून त्यांनी ती फारच कमी दराला दिली आणि पुढे सगळ्या उद्योगाला तोच दर चिकटला. जपानी ॲनिमेशन दिग्दर्शक हयाओ मियाझाकी यांनी या गोष्टीबद्दल तेझुका यांच्यावर जाहीर टीका केली आहे. कमी पैशात उत्तम काम करून दाखवणाऱ्याने आपला दर मात्र कमी सांगू नये, हा धडा आमच्याकडच्या स्टुडिओचालकांनी घेतलेला नाही.

ऐंशीच्या दशकातील खेळण्यांच्या लाटेबद्दल फार लिहीत नाही. ‘ही-मॅन’ १९८३ मध्ये आले तेव्हा मॅटेल कंपनीची खेळणी आधीच दुकानांत होती आणि गोष्टीचे काम ती खपवण्याचे होते. तलवार उंचावण्याचे आणि धावण्याचे तेच दृश्य भागामागून भागात यायचे. दूरदर्शनवर आम्ही ते आवडीने पाहिले, माझेही ते प्रेम खरे होते. पण आज बोर्ड काढणारा म्हणून पाहिले की जाणवते, त्यात वाचवलेली शक्ती गोष्टीकडे परत आलीच नाही.

आता आपल्याकडे येऊ. हैदराबादच्या ग्रीन गोल्डने २००८ मध्ये पोगोवर ‘छोटा भीम’ आणला त्याआधी आपल्या वाहिन्यांवर मुख्यतः अमेरिकी आणि जपानी मालिकांचे भाषांतर चाले, आणि आपले स्टुडिओ परदेशी मालिकांची मजुरी करत. धोतरातला एक मुलगा रोज संध्याकाळी घराघरांत दिसू लागला ही घटना मोठी होती आणि तिचे श्रेय कमी करण्याचा माझा हेतू नाही. आमच्यापैकी अनेकांची घरे त्यानंतर आलेल्या देशी मालिकांच्या कामावर चालली. चूक झाली ती त्या यशाचा अर्थ लावताना. मुलांना आपली माणसे, आपले खाणे, आपले गाव हवे होते, असा अर्थ लावता आला असता. वाहिन्यांनी लावलेला अर्थ असा होता की, मुलांना एक बलवान मुलगा, एक खट्याळ प्राणी, एक भित्रा मित्र, एक दांडगट आणि दर भागाच्या शेवटी एक मारामारी हवी आहे. पुढची दहा वर्षे माझ्या टेबलावर आलेल्या पटकथांत नावे, पोशाख आणि गाव बदलत राहिले, सांगाडा तोच राहिला. देवादिकांनाही याच सांगाड्यात बसवले गेले. ‘छोटा भीम’मधल्या दांडगटाचे नाव कालिया आहे आणि मुलींच्या वाट्याला लाडू वळणे व कौतुकाने पाहणे येते, हे दोष मूळ मालिकेत होते, नक्कल करणाऱ्यांनी ते तपासलेही नाहीत. सावळ्या मुलाला शाळेत हाक कोणत्या नावाने पडते हे ज्याने ऐकले आहे त्याला याचे गांभीर्य वेगळे सांगायला नको.

नक्कल का वाढली याचे कारण आमच्या वेळापत्रकात आहे. मी कामाला लागलो तेव्हा ११ मिनिटांच्या एका भागाचा बोर्ड काढायला मला पाच आठवडे मिळत. पुढे ते तीन झाले, मग दोन. संगणकाने ॲनिमेशनचे काम हलके केले हे खरे आहे. पात्राचा सांगाडा, म्हणजे रिग, एकदा तयार झाला की हात, पाय आणि तोंडाचे आकार भांडारातून उचलून लावता येतात आणि दर वेळी नव्याने काढावे लागत नाहीत. त्यातून वाचलेला वेळ बोर्डकडे आणि पटकथेकडे यायला हवा होता. तो आला नाही. त्याचे अधिक भाग झाले. दोन आठवड्यांत बोर्ड काढायचा असला की माणूस मागच्या भागातले दृश्य उचलतो, कारण ते आधीच मंजूर झालेले असते. म्हणून संगणकाला दोष देणाऱ्यांशी मी सहमत नाही.

एक उदाहरण जवळून दाखवतो. २०११ च्या सुमारास एका मालिकेच्या भागात असे दृश्य होते: मुलाच्या धक्क्याने आजीची लोणच्याची चिनी मातीची बरणी फुटते आणि आजी स्वयंपाकघराच्या दारात येते. पटकथेत एवढेच होते, ‘आजी पाहते’. मी त्याचे चार चौकटींचे बोर्ड काढले. पहिल्या चौकटीत आजीची नजर फरशीवरच्या तुकड्यांवर. दुसरीत ती नजर तुकड्यांवरून सरकत मुलाच्या अनवाणी पावलांवर, कुठे कापले तर नाही ना. तिसरीत मुलाची पायाची बोटे आत वळलेली. चौथीत आजी पदराचे टोक कमरेला खोचते. एकही शब्द नाही, एकूण तीन सेकंद, म्हणजे आमच्या दूरचित्रवाणीच्या सेकंदाला २५ या हिशेबाने ७५ फ्रेम. आजी रागावणार आहे हे मुलाला माहीत आहे, पण तिने आधी त्याचे पाय पाहिले हे प्रेक्षक मुलाला कळते, आणि पुढचा सगळा भाग त्या एका नजरेवर उभा राहतो.

अॅनिमॅटिक, म्हणजे बोर्डची चित्रे वेळेनुसार लावून केलेली कच्ची फीत, वाहिनीकडे गेली आणि शेरा आला, ‘इथे गॅप आहे, भरा.’ मग आजीच्या तोंडी ‘अरे देवा, ये क्या कर दिया’ हे वाक्य घातले गेले, बरणीवर तीनदा झटक्याने कॅमेरा नेला गेला, प्रत्येक झटक्याला ढोलकीचा ठोका दिला गेला आणि नजर पावलांवर जाण्याची चौकट कापली गेली. मी दोन वेळा लेखी विनंती केली. उत्तर असे मिळाले की, तीन सेकंद काहीच झाले नाही तर मूल वाहिनी बदलते. त्या तीन सेकंदांत काहीच होत नव्हते, हे विधान मला आजही मान्य नाही.

शांततेची ही धास्ती आपल्या दूरचित्रवाणीवरील कार्टूनची सर्वांत मोठी चूक आहे असे मी मानतो. तिचे सर्वांत ठळक रूप डबिंगमध्ये दिसते. ‘ओगी अँड द कॉक्रोचेस’ ही १९९८ पासूनची फ्रेंच मालिका संवादांविना रचलेली आहे. निळे मांजर आणि तीन झुरळे यांचा सगळा विनोद वेळेच्या मोजमापात आहे: झुरळ फ्रीजच्या दाराआड किती क्षण थांबते, मांजराचा डोळा कधी फडफडतो. हिंदी आवृत्तीत ओगी हे मांजर शाहरुख खान यांच्या ढंगात आणि त्याचा भाऊ जॅक सनी देओल यांच्या ढंगात अखंड बोलतो. ते आवाज देणाऱ्या कलावंतांचे कसब वादातीत आहे आणि मुलांनी ती आवृत्ती डोक्यावर घेतली हेही मला माहीत आहे. तरीही झुरळ दाराआड थांबलेले असताना ‘मी आता इथे लपलो आहे’ असे सांगणारा आवाज आला की, ते ओळखण्याचा आनंद मुलाकडून काढून घेतला जातो. चित्र वाचायची सवय अशा हजारो क्षणांतून लागते.

परदेशी काम आपलेसे करण्याची चांगली रीतही आपल्यालाच माहीत होती. दूरदर्शनने १९९३ मध्ये ‘जंगल बुक’ दाखवले ते मूळ जपानी, निप्पॉन ॲनिमेशनचे. त्याला गुलजार यांचे शब्द आणि विशाल भारद्वाज यांचे संगीत असलेले नवे शीर्षकगीत मिळाले, शेरखानला नाना पाटेकर यांचा आवाज मिळाला. पाटेकर तिथे शेरखान म्हणून बोलतात. त्या आवाजात दाबून ठेवलेला राग आहे आणि दोन वाक्यांमध्ये श्वास आहे. चित्रात जिथे जंगल गप्प आहे तिथे ते गप्प राहू दिले आहे. आमच्या पिढीतल्या कोणालाही विचारा, त्याला वाक्यांच्या आधी तो आवाज आठवतो.

शांत दृश्य चालत नाही या समजाला उत्तरही आपल्याकडूनच मिळाले आहे. ग्रीन गोल्डनेच २०१९ मध्ये नेटफ्लिक्ससाठी ‘माइटी लिटिल भीम’ केले. रांगत्या वयाचा भीम, पूर्ण वाक्य एकही नाही, आणि ते काम भारताबाहेरची मुलेही भाषांतराविना पाहू शकली. त्यातील बाळ लाडवाकडे पाहते, मग आईच्या पाठीकडे, मग पुन्हा लाडवाकडे. बोर्ड काढणाऱ्याला एवढा अवकाश मिळाला की आपल्याकडचे लोक काय करू शकतात याचा तो पुरावा आहे.

अमेरिकेतल्या अलीकडच्या प्रवाहांबद्दलही विद्यार्थी विचारतात. सगळी पात्रे गोल चेहऱ्याची आणि शेंगेसारख्या तोंडाची झाली, ही तक्रार मला वरवरची वाटते. साठच्या दशकातही सगळी पात्रे एकमेकांची भावंडे दिसत असत. चेहऱ्याची घडण ही त्या त्या काळाची लिपी असते आणि एकाच लिपीत चांगले व वाईट दोन्ही लिहिले जाते. २००५ ते २००८ मधील ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ने ६१ भागांत एक सलग कथा सांगितली आणि मुलांच्या स्मरणशक्तीवर विश्वास ठेवला, ही फार मोलाची गोष्ट होती. तिच्या मागून आलेल्या कित्येक मालिकांनी मात्र भाग स्वतंत्रपणे उभा करण्याची कला सोडून दिली. अवतारमधला बहुतेक कोणताही भाग मध्येच लागला तरी त्याला स्वतःची सुरुवात, अडचण आणि शेवट असतो. ते कसब सांभाळल्याखेरीज नुसते रहस्य लांबवत नेले, तर ११ मिनिटांच्या शेवटी मुलाच्या हाती काहीच पडत नाही.

‘टीन टायटन्स गो’ची निंदा करण्याची फॅशन आहे, २००३ च्या गंभीर मालिकेनंतर २०१३ मध्ये तीच पात्रे थट्टेच्या स्वरूपात आली याचा राग लोकांना आहे. मला ती मालिका सरस लिहिलेली वाटते. चूक आहे ती एकच मालिका दिवसभर पुन्हा पुन्हा दाखवून बाकीच्यांना जागाच न ठेवणाऱ्या वेळापत्रकाची, आणि ती चूक आपल्या वाहिन्याही रोज करतात.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे केलेले काम सांभाळण्याबद्दलची बेफिकिरी. ‘द सिम्पसन्स’ची पहिली वीसेक वर्षे जवळजवळ चौकोनी, ४:३ पडद्यासाठी रचलेली आहेत. २०१९ मध्ये डिस्ने प्लसवर ती रुंद पडदा भरण्यासाठी वरून-खालून कापून आली. त्यात एक दृश्य आहे: दारूच्या कारखान्यात साधी, हलकी आणि ‘ड्राय’ अशा तीन नावांच्या बिअरच्या तीन टाक्या, आणि वर पाहिले की तिघींना एकाच नळातून बिअर येते. कापलेल्या चौकटीत तो नळच नाही, म्हणजे विनोदच नाही. लोकांनी ओरड केल्यावर २०२० मध्ये मूळ आकार परत दिला गेला. ‘इन्फिनिटी ट्रेन’ या अमेरिकी मालिकेला तेवढेही भाग्य लाभले नाही, २०२२ च्या ऑगस्टमध्ये ती एचबीओ मॅक्स या ऑनलाइन सेवेवरून हिशेबाच्या कारणांनी काढून टाकली गेली. वर्षानुवर्षे काढलेली चित्रे एका दुपारी दिसेनाशी होतात, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला वाचतानाही सोसत नाही.

मराठीविषयी लिहिल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. सन समूहाने तमिळ मुलांसाठी २००७ मध्ये चुट्टी टीव्ही सुरू केला, पाठोपाठ तेलुगू, कन्नड आणि मल्याळम मुलांनाही आपापल्या भाषेची वाहिनी दिली. त्या काळात आणि पुढेही मराठी घरांतली मुले डोरेमॉन, शिनचॅन आणि मोटू-पतलू हिंदीतच पाहत होती, आणि म्हणून आजही अंगणात घर-घर किंवा चोर-पोलीस खेळताना ती आपोआप हिंदीत बोलू लागतात. २०२१ मध्ये हैदराबादच्या ईटीव्ही समूहाने बालभारत ही वाहिनी अनेक भाषांत आणली आणि तिच्यात मराठीही होती, याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र निरनिराळ्या ठिकाणच्या मराठी डबिंगच्या संहिता तपासताना एक चूक वारंवार दिसते. हिंदी संहिता समोर ठेवून, ओठांच्या हालचालीत बसेल असा शब्दाला शब्द लावला जातो. ‘मेरी मदद करो’चे ‘माझी मदत कर’ होते. मराठी मूल ‘मला मदत कर’ म्हणते, आणि अक्षरे मोजून पाहिली तर तेही त्याच ओठांत बसते. म्हणजे इथेही गाठ पैशाशी नाही. संहिता लिहिणाऱ्याला एक दिवस जास्त देण्याशी आहे. नागपूरच्या, मालवणच्या किंवा कोल्हापूरच्या मुलाच्या तोंडची भाषा तर अजून या कामात शिरलेलीच नाही.

तुम्ही कोणते काम धरावे, हे आता सांगतो. चित्रकलेचा हात चांगला असेल तर स्टोरीबोर्डकडे या. संगणकावरचा रिग हलवायला सहा महिन्यांत शिकता येते, आणि त्यासाठी माणसे पुष्कळ मिळतात. पटकथेतल्या ‘आजी पाहते’ या दोन शब्दांतून चार चौकटी काढणारी माणसे आम्हाला आजही मिळत नाहीत. चाचणीच्या दिवशी तुम्हाला पटकथेचे एक पान आणि बहुधा चार तास देतील. पहिला पाऊण तास पेन्सिल खाली ठेवा. पान मोठ्याने वाचा, प्रत्येक पात्र कुठे उभे आहे आणि कोणाकडे पाहते आहे ते समासात लिहा, घड्याळ लावून प्रत्येक दृश्याचे सेकंद मांडा आणि मगच चौकटी काढा. पदवीच्या फिल्मसाठी तुम्ही केलेले अॅनिमॅटिक सोबत आणा, कच्चे असले तरी चालेल. त्यात कुठे, किती फ्रेम आणि का थांबलात, हे मी सर्वांत आधी विचारेन.